थोरल्याचं पाऊल

“तिथं पाय नको! थोरल्याचं पाऊल पडेल बघ!”

वस्ताद खालून ओरडले, आणि ओरडून झाल्यावर आपण कोणाला काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आले. ट्रेलरवर रचलेल्या लोखंडी चौकटींच्या माथ्यावर जो उभा होता, तो त्याच थोरल्याचा पाठचा भाऊ होता. क्रेनवाल्याने लगबगीने तोंड फिरवले आणि हातातल्या फडक्याने तो आपल्या क्रेनचा दांडा उगीचच पुसू लागला. धाकट्याने मात्र उचललेला पाय शांतपणे मागे घेतला, गुडघे टेकले आणि समोरची ताडपत्री हाताने दाबून पाहिली. तिच्याखाली काही नव्हते. दोन चौकटींच्या मध्ये पुरुषभर खोल पोकळी होती, आणि तिच्यावर ताडपत्री अशी समतल पसरली होती की ही भूमीच आहे, असे कोणालाही वाटावे.

“हं,” तो म्हणाला. “पोकळ आहे.”

“आधी हात, मग पाय,” वस्ताद आवाज उतरवून म्हणाले. “एवढंच सांगायचं होतं मला.”

माल झाकण्याच्या त्या विद्येत प्रत्येक चुकीला नाव होते. पुढची ताडपत्री आधी घालून मागची तिच्यावर चढवली, तर त्याला ‘उघडं दार’ म्हणत, कारण धावत्या गाडीत वारा सरळ त्या फटीतून आत शिरे. सुरगाठीच्या जागी निरगाठ बसली, तर ती ‘सासूची गाठ’. ती कोणाचेच ऐकत नसे. आणि ताडपत्रीखालची पोकळी न ओळखता तिच्यावर पाऊल टाकणे, याला अलीकडे ‘थोरल्याचं पाऊल’ असे नाव पडले होते. ते कोणी पाडले, हे सांगता आले नसते. त्यात द्वेष नव्हता, उपहासही नव्हता. एक माणूस गेला. त्याच्या जाण्यातून इतरांनी सावध व्हावे, इतकाच त्या नावाचा हेतू असावा. परंतु माणूस उभा जन्म ज्या दक्षतेने जगला, ती मागे पडावी आणि एका चुकीच्या माथी त्याचे नाव कायमचे बसावे, हेही त्यातून घडत होते.

धाकटा पूर्वी बंद डब्याची गाडी चालवीत असे. माल आत रचला, दोन दारे ओढली, कडी घातली, की माल आणि आकाश यांचा संबंध संपला. भावाच्या मृत्यूनंतर मालकाने त्याला विचारले, “दादाचा ट्रेलर घेतोस का?” तेव्हा तो “घेतो” म्हणाला. त्या दिवसांत कोणी काहीही विचारले असते, तरी त्याने असेच उत्तर दिले असते. दादाला पोचवून आल्यापासून त्याच्या आत काही हलले नव्हते. लोक येऊन खांद्यावर हात ठेवीत. त्याला हाताचे वजन कळे, हात कळत नसे. तो वहिनींच्या भिंतीपलीकडच्या खोलीत राही आणि दोन्ही वेळ त्यांच्याकडे जेवी. एकदा त्या भाजीत मीठ घालायला विसरल्या. त्याने भाजी संपवली, पुन्हा वाढून घेतली, तीही संपवली. वहिनींनी नंतर स्वतःच्या ताटातला पहिला घास घेतला आणि ताट पुढे सारून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

त्याच रात्री भांडी विसळता विसळता त्यांनी विषय काढला.

“भावजी, आज मी दुकानात उभी होते. पुढं दोन ड्रायव्हर होते तुमच्या यार्डातले. एकजण म्हणाला, ‘माझं काल थोरल्याचं पाऊल होता होता राहिलं.’ आणि दोघंही हसले.”

धाकट्याने विसळलेले ताट पुसायला घेतले.

“त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. वाईट नव्हते हो ते. मला सुट्टे पैसेसुद्धा दिले त्यातल्या एकानं.” त्यांनी पातेले पालथे घातले. “मला एवढंच सांगा. हे चुकले का? चुकले असतील तर चुकले, माणूसच होते. पण झोपायच्या आधी दाराची कडी दोनदा बघणारा माणूस. मी चिडवायचे, पहिल्यांदा लावली ती काय पाहुण्यांसाठी? असा माणूस पोकळीवर पाय टाकेल?”

“विचारून सांगतो,” धाकटा म्हणाला.

विचारायचे कोणाला, हा प्रश्न नव्हता. त्या दिवशी दोघेच होते. वर थोरला आणि खाली वस्ताद. वस्तादांनी थोरल्याला हातात दोर कसा धरायचा इथपासून शिकवले होते. त्यांचा एक गुडघा वाकत नसे, म्हणून त्यांनी गाडी सोडून दिली होती. परंतु अवघड मालावर ताडपत्री घालायची असली, की अजून त्यांनाच बोलावले जाई. दुसऱ्या दिवशी दुपारी टायरच्या ढिगावर बसून त्यांनी सांगितले. ते इतक्या वेळा सांगून झाले होते की शब्द गोट्यांसारखे गुळगुळीत झाले होते.

“कागद कारखान्याचं यंत्र होतं. दोन टोकांना दोन बुरूज आणि मधे हा एवढा खड्डा. तो वर, मी पलीकडच्या अंगाला दोर धरून. एकदम खालून वारा भरला. ताडपत्री फुगली आणि मला फरफटत चाकापर्यंत नेलं. आता डोकं आपटतंय म्हणेपर्यंत वारा पडला. दोर ढिला. मी हसलोसुद्धा रे! ओरडलो, ‘वारा पडला रे थोरल्या, बांध आता!’ वरून उत्तर नाही. मला वाटलं, चेष्टा करतोय.” त्यांनी ताठ गुडघा तळव्याने चोळला. “काम संपत आलं की पाय घाई करतात, धाकट्या. चुकला बिचारा.”

संध्याकाळी धाकट्याने वहिनींना तसेच सांगितले. वस्ताद म्हणतात, चुकला. वहिनी “बरं” म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी दाराची कडी लावली. दोनदा पाहिली नाही.

त्यानंतरचे दिवस शिकण्यात गेले. धाकटा चांगला शिष्य होता, कारण त्याला कंटाळा येत नसे; कंटाळा यायलाही आत काहीतरी जागे असावे लागते. धारदार कोपऱ्यांना आधी गोणपाट आणि जुन्या टायरचे तुकडे बांधायचे, हे तो शिकला. मागची ताडपत्री आधी आणि पुढचीचा पदर तिच्यावर, हे शिकला.

“वाऱ्याला पदराचं टोक सापडलं की तो अब्रू ठेवत नाही,” वस्ताद म्हणत. “आणि इतकं ताणू नकोस, तंबोरा आहे का तो? अंगठा जाईल एवढी सूट ठेव. मालालाही श्वास लागतो.”

“वस्ताद, लोखंडाला कसला श्वास?” क्रेनवाला वरून विचारी.

“तुझ्या क्रेनला लागत नसेल. तिचा निम्मा श्वास तूच बोलून संपवतोस.”

शिकवताना एक नियम मात्र ते थट्टेत सांगत नसत. “दोर मनगटाला गुंडाळायचा नाही. कधीच नाही. मूठ उघडली की दोर गेला पाहिजे. दोर गेला तर ताडपत्री जाईल. ताडपत्री बाजारात मिळते.”

धाकटा मान हलवी. चढल्यावर आधी तो सगळा माल हातांनी फिरून घेई. अंध माणूस अनोळखी खोली फिरतो तसा. कुठे कडी आहे, कुठे धार आहे, कुठे पोकळी आहे, हे त्याच्या तळव्यांना ठाऊक झाल्यावाचून तो पाय उचलीत नसे. वस्ताद खालून बघत आणि एखादे वेळी म्हणत, “अगदी थोरल्यासारखं.” मग त्यांना आपल्याच बोलण्यातली विसंगती जाणवे की काय न कळे, पण ते दोराची गुंडाळी उगीच सोडून पुन्हा करीत.

पुढे एके दिवशी त्या यंत्राचा जोड आला. कागद कारखान्याने एकासारखी एक अशी दोन यंत्रे मागवली होती. पहिले, थोरला गेल्यावर, दुसऱ्या कोणी नेले. आता दुसरे उभे राहिले होते. तेच दोन बुरूज, तोच मधला खड्डा. मालक स्वतः येऊन म्हणाले, “दुसऱ्याला देऊ का रे? तू नाही म्हणालास तर कुणी काही म्हणणार नाही.”

“झाकतो,” धाकटा म्हणाला.

सकाळपासून काम नीट चालले होते. मागची ताडपत्री बसली, तिचे दोर कड्यांतून ओवून झाले. पुढची उलगडून पुढच्या बुरुजावर चढवली. मधल्या खड्ड्यावर आडवी टाकायची लाकडी बल्ली अजून खालीच होती. ती टाकली की ताडपत्रीला पाठीचा कणा मिळणार आणि झोळ राहणार नव्हता. धाकटा पुढच्या बुरुजाच्या कडेला ओणवा होता. वस्ताद पलीकडच्या अंगाला दोर धरून उभे होते. तेवढ्यात उघड्या मैदानावरून धुळीची एक भिंत चालत आली.

वारा ताडपत्रीच्या खाली शिरला. एवढे जड आच्छादन क्षणात पोट फुगवून उठले आणि मधल्या खड्ड्यावर एक डोंगर उभा राहिला. धाकट्याने मान वर करून पलीकडे पाहिले.

खालून कधी न दिसणारी गोष्ट वरून दिसत होती. वस्तादांचा न वाकणारा पाय मातीत रेघ ओढीत चालला होता. त्यांनी मूठ उघडली होती. पाचही बोटे फाकलेली होती. तरीही दोर जात नव्हता. दुखऱ्या गुडघ्याला आधार म्हणून अंगाचा भार दोरावर टाकण्याची त्यांना सवय लागली होती, आणि त्या सवयीने दोराचे दोन वेढे त्यांच्या मनगटाला बसले होते. ताडपत्री त्यांना ट्रेलरच्या लोखंडी हुकांच्या रांगेकडे खेचीत होती. ते खाली पाहत होते. वर पाहायला त्यांना सवडच नव्हती.

धाकट्याने विचार केला नाही. त्याच्या उजव्या पायाला बुरुजावरची कडी ठाऊक होती, कारण सकाळी त्याच्या हाताने ती शोधून ठेवली होती. त्याने पाऊल त्या कडीत अडकवले आणि छाती, पोट, दोन्ही हात असा सगळा देह त्या फुगलेल्या डोंगरावर झोकून दिला. ताडपत्री त्याच्यासह खड्ड्यात दबत गेली. घोट्यात काहीतरी करकरले. तो डोके खाली, पाय वर असा लोंबकळत राहिला. पण त्याच्या वजनाखाली वारा कोंडला, आणि पलीकडचा दोर ढिला पडला.

“वारा पडला रे धाक—”

खालून आलेला तो आवाज तिथेच तुटला.

वारा पडला नव्हता. यार्डाच्या छपराचे पत्रे थडथडत होते. धूळ अजून वाहत होती. क्रेनवाल्याचे फडके त्याच्या हातून सुटून कुंपणाच्या तारेवर जाऊन चिकटले होते आणि तिथे फडफडत होते. क्रेनवाला शिव्या देत धावला, चढला, त्याने धाकट्याचा पाय धरला आणि ताडपत्रीची मोकळी बाजू आपल्या अंगाखाली घेतली. दोघांनी मिळून पदर आवळला. धाकट्याने वर येऊन पलीकडे पाहिले, तेव्हा वस्ताद हुकांच्या रांगेला पाठ टेकून मातीत बसले होते आणि आपल्या मनगटाकडे पाहत होते. दोर अजून तसाच होता.

“पडला नाही,” ते म्हणाले. कोणाला म्हणाले, हे कळत नव्हते. “त्या दिवशीही पडला नव्हता.”

उरलेले काम त्यांनी पुरे केले. बल्ली टाकली, गाठी मारल्या. माल सकाळी निघणार होता.

दिवस कलताना वस्ताद धाकट्याबरोबर घरापर्यंत चालत आले. त्यांच्या चालीने वाट दुप्पट झाली. वहिनी अंगणात दोरीवरची मोठी चादर काढीत होत्या. वस्तादांना पाहून त्यांनी चादर खांद्यावर घेतली आणि खुर्ची आणायला वळल्या.

“बसत नाही, पोरी. उभ्यानंच सांगतो,” वस्ताद म्हणाले. “थोरला चुकला नाही.”

वहिनी थांबल्या.

“मी सगळ्यांना सांगत आलो, वारा पडला आणि मग हा पडला. उलटं होतं ते. हा पडला म्हणून दोर ढिला झाला. माझ्या मनगटाला वेढा होता. पहिल्या दिवसापासून मीच सांगायचो त्याला, वेढा घेऊ नको. त्यानं कधी घेतला नाही. मी घेतला होता. त्याला वरून दिसलं असणार. आज यालाही दिसलं.” त्यांनी धाकट्याकडे बोट केले. “त्यानं पाय टाकला नाही, पोरी. त्यानं अंग टाकलं.”

 वहिनींनी खांद्यावरची चादर उतरवली, तिची दोन टोके शोधली आणि उरलेली दोन वस्तादांच्या पुढे धरली. वस्तादांनी ती घेतली. चादर ताणली गेली, तेव्हा त्यांची बाही मागे सरली आणि मनगटावरचा लाल वळ उघडा पडला. वहिनींनी तो पाहिला. त्या पुढे आल्या, आपली टोके त्यांच्या टोकांना जुळवली आणि घडी त्यांच्या हातातून काढून घेतली.

“हे यार्डात सांगा,” त्या म्हणाल्या. “मला सांगून काय होणार? नाव तिथं पडलंय.”

“सांगतो.”

“आणि हाताला काहीतरी लावा.”

सकाळी गाड्या निघण्यापूर्वी सगळे यार्डातल्या वजनकाट्यापाशी जमले होते. वस्तादांना व्याख्यान देता येत नसे. त्यांनी बाही वर करून वळ दाखवला आणि घडले ते चार वाक्यांत सांगितले. कोणी खाकरले. कोणी टोपी काढून पुन्हा घातली. ज्याच्या जिभेला कधी हाड नव्हते, त्या क्रेनवाल्यानेच अखेरीस विचारले, “मग वस्ताद, आता पोकळीवर पाय पडला तर काय म्हणायचं?”

“झोळात पाय म्हण. गाढवपणा म्हण. तुझं स्वतःचं नाव दे, शोभेल.”

“आणि ते जुनं?”

वस्तादांनी बाही खाली केली. “ते राहू दे. ते रोज वापरायचं नाव नाही.”

धाकट्याने ट्रेलर बाहेर काढला. तो हे सगळे ऐकत उभा होता, आणि आता आपल्याला काहीतरी वाटेल, अशी त्याची समजूत होती. घोटा सुजला होता. ब्रेक दाबताना तो दुखत असणार, असे त्याने अनुमान केले. आरशात ताडपत्रीचा पदर मालाला चिकटून होता, फडफडत नव्हता. वाटेत पाऊस लागला, गाडीच्या मागे राहिला, पुन्हा गाठून पुढे गेला.

ठराविक अंतर गेले की थांबून दोर तपासायचे, असा नियम होता. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून त्याने फेरी मारली. गाठी घट्ट होत्या. तो वर चढला. पावसाने ताडपत्री जड झाली होती आणि बल्ली किंचित सरकली होती. मधल्या खड्ड्यावर थोडा झोळ राहिलाच होता. त्यात पाणी साठले होते. माणूस कुशीवर निजावा, एवढे.

त्याने आधी हात फिरवला. मग बुरुजाच्या कडेने एक दोर सैल केला, ताडपत्रीच्या खाली कोपरापर्यंत हात घातला, पालथा पडून दंडापर्यंत घातला, आणि तळवा वर करून झोळाला खालून आधार दिला. पाणी जड होते. ताडपत्रीतून त्याचा गारवा तळव्यात उतरला. त्याने घाई केली नाही. हळूहळू उचलले, तसे पाणी एका अंगाला कलले, कडेपर्यंत आले, क्षणभर थांबले आणि मग बराच वेळ खाली पडत राहिले.

ते संपल्यावरही त्याने हात लगेच काढला नाही.